व्हॅन गरम झाली की बंद पडते: दोष खरंच कॉम्प्युटरचा आहे का?

तक्रार साधारण अशी असते. सकाळी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू होते, तास-दीड तास माल पोचवत फिरते आणि मग सिग्नलला उभी असताना किंवा चालता चालताच इंजिन गप्प होतं. सेल्फ मारला तर इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की पुन्हा पहिल्या झटक्यात सुरू. चेक लाइट कधी लागतो, कधी नाही. गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या स्कॅनरवर दर वेळी वेगळा दोष-कोड. आणि गॅरेजमध्ये आणली की शहाण्या मुलासारखी दिवसभर चालत राहते.

अशा गाडीची जुनी बिलं पाहिली तर क्रमही ठरलेला दिसतो. आधी क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय हे सांगणारा), मग डिझेल फिल्टर, मग एखादा रिले (विजेने चालणारा स्विच), मग पंप. हे सगळं होऊनही गाडी बंद पडतेच, तेव्हा कुणीतरी म्हणतं, ‘ईसीएम गेलाय,’ म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. कारण एवढंच, की आता बदलायला दुसरं काही उरलेलं नसतं.

पण कॉम्प्युटर हा ‘लावून बघू’ असा पार्ट नाही. तो महाग असतो, एकदा गाडीला कोड केला की विकणारा परत घेत नाही, आणि दुसऱ्या गाडीचा उचलून लावला तर चावी ओळखत नाही. म्हणून मी दोन अटी पाळतो. कॉम्प्युटरकडे येणारं सगळं बरोबर आहे आणि त्यातून निघणारं चूक आहे, हे मल्टिमीटरवर दिसल्याशिवाय त्याला दोषी धरायचं नाही. आणि तो खरंच मेला असेल तर कशाने मेला हे सापडल्याशिवाय नवा जोडायचा नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा जास्त वेळा मोडली जाते.

बंद पडलेल्या अवस्थेतच गाठा

चालू गाडीवर हा दोष सापडत नाही. जुने कोड वाचून फार तर दिशा कळते. त्यामुळे स्कॅनर आणि मीटर गाडीतच ठेवा, नेहमीचा माल भरा, नेहमीच्या वेळी चालवा आणि बंद पडली की थंड होण्याआधी कामाला लागा. हातात वीस-पंचवीस मिनिटं असतात, तेवढ्यात चार गोष्टी पाहून होतात.

चावी ऑन करा आणि कान द्या. मेन रिलेची टिक ऐकू येते का? टाकीत विजेचा पंप असेल तर तो दोन-तीन सेकंद गुणगुणतो का? डॅशबोर्डवर चेक लाइट लागतो का? जुन्या गाड्यांत हा दिवा थेट इंजिनच्या कॉम्प्युटरवर असतो, त्यामुळे कॉम्प्युटर जागा झाला नाही तर तो लागतच नाही. नव्या गाड्यांत मात्र इंजिनकडून उत्तर आलं नाही की डॅशबोर्ड स्वतःच दिवे लावून ठेवतो. म्हणून आपल्या गाडीची चांगल्या अवस्थेतली वागणूक आधीच पाहून ठेवावी. इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकतोय का, तेही याच वेळी बघा.

मग स्कॅनर जोडा. इंजिनशी बोलणं होत नाही, पण ब्रेकच्या एबीएसशी आणि बाकीच्या युनिटशी होतंय? मग स्कॅनरचं सॉकेट ठीक आहे, युनिटांना एकमेकांशी जोडणारी लाइनही बहुतेक ठीक आहे. इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज किंवा अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) मिळत नाही, किंवा त्याची लाइनची फांदी तुटली आहे, किंवा तो आतून गेलाय. कुणाशीच बोलणं होत नसेल तर लक्ष लाइनकडे किंवा सॉकेटकडे वळवा. स्कॅनर जोडायच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये १६ नंबरला बॅटरीचा प्लस आणि ४ व ५ नंबरला अर्थ हवा. तो नसेल तर स्कॅनर सुरूच होणार नाही, आणि बिचाऱ्या कॉम्प्युटरचा त्यात काही संबंध नाही. अनेक गाड्यांत या प्लसचा फ्यूज लायटरच्या सॉकेटशी सामाईक असतो. फोनचा स्वस्त चार्जर तिथे शॉर्ट झाला, फ्यूज उडाला आणि ‘ईसीएम बोलत नाही’ असं निदान झालं, हे मी पाहिलेलं आहे.

इंजिनशी बोलणं होत असेल तर सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा बघा. एवढी स्वस्त आणि एवढी बोलकी चाचणी दुसरी नाही. सेल्फवर इंजिन साधारण दोनशे-अडीचशेने फिरतं. स्कॅनरवर तसा आकडा येत असेल तर क्रँक सेन्सर, त्याची वायर आणि कॉम्प्युटरचं ते इनपुट अशी तिन्ही कामं चालू आहेत. आकडा शून्यच राहिला तर दोष या तिघांत कुठेतरी आहे, आणि तिघांपैकी गरम झाल्यावर दगा देण्यात क्रँक सेन्सर सगळ्यांत पुढे असतो. मात्र सेन्सर आधीच बदललेला असेल तर तिसऱ्यांदा तोच बदलत बसू नका, वायर धरून कॉम्प्युटरच्या कपलरपर्यंत (वायरी जोडायच्या प्लगपर्यंत) जा.

डिझेल कॉमन रेल असेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल जात असेल, तर सेल्फ मारताना त्या रेलचं प्रेशरही बघा. बहुतेक गाड्यांत ते साधारण दोनशे बारच्या आसपास पोचल्याशिवाय कॉम्प्युटर डिझेल फवारणारे इंजेक्टर उघडतच नाही. झिजलेले इंजेक्टर टाकीकडे परतणाऱ्या रिटर्नच्या नळीत डिझेल गळवत असतील तर गरम, पातळ झालेल्या डिझेलवर प्रेशर बांधलंच जात नाही. थंड झालं की बांधलं जातं. लक्षण हुबेहूब ‘गरम झालेल्या कॉम्प्युटर’सारखं, पण कारण पूर्ण वेगळं. म्हणून ड्रायव्हरला नीट विचारा: चालता चालता दिवा विझल्यासारखी बंद पडते, की तुम्ही स्वतः बंद केल्यावर गरम असताना पुन्हा सुरू होत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत, आणि ड्रायव्हर दोन्हीला ‘बंद पडते’ असंच म्हणतो.

वीज आणि अर्थ: बहुतेक निदान इथे चुकतं

गेलेला म्हणून माझ्या टेबलावर आलेले बरेच कॉम्प्युटर धडधाकट निघतात. गाडीत परत जाऊन पाहिलं की प्लस किंवा अर्थ आजारी असतो. बदलीचा कॉम्प्युटर लावल्यावर काही दिवस गाडी चालते त्याचं कारणही हेच. काढता-लावताना पिना घासल्या जातात, कपलर घट्ट बसतो, अर्थचा बोल्ट हलतो. मग दोष परततो.

सुरुवात बॅटरीपासून. उभ्या गाडीला १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, आणि सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाऊ नयेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावला आणि अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता आहे. असा खरबरीत प्रवाह कॉम्प्युटरला वेड्यासारखा वागायला लावतो, आणि सेन्सर बदलून त्यावर काही उतारा पडत नाही.

आता वायरिंगचा नकाशा घ्या. नकाशा नसेल तर हे काम सुरूच करू नका. पिनांचा अंदाज बांधून मीटर घुसवणाऱ्यांनी मारलेले कॉम्प्युटर पाण्याने मेलेल्यांपेक्षा फार कमी नसावेत. कॉम्प्युटरला एक प्लस नसतो, तीन-चार असतात. एक कायमचा बॅटरीवरून, स्मरण जपण्यासाठी. एक चावीवरून, जागं होण्यासाठी. बाकीचे मेन रिलेमधून, आणि तो रिले पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर स्वतःच अर्थ देऊन ओढतो. अर्थच्या पिनाही दोन ते चार. यातली एक जरी अधूनमधून सुटली तरी लक्षणं भुताटकीसारखी दिसतात.

नुसत्या मीटरने १२ व्होल्ट दिसले म्हणून वायर पास करू नका. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरमधली वीसपैकी एकोणीस तार तुटलेली असली तरी मीटर १२ च दाखवणार. त्यासाठी कपलर काढून त्या प्लस पिनेवर २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब लावा, दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला. हा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर खेचतो. लख्ख पेटला तर वायर कामाची. पिवळट पेटला तर वाटेत कुठेतरी गंज किंवा जळका संपर्क आहे. अर्थच्या पिनांसाठी उलट करा: बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पिनेला. रिलेमधून येणारा प्लस तपासताना रिले बाहेरून ओढावा लागेल, कारण त्याला ओढणाराच तुम्ही काढून ठेवलाय. एक काळजी घ्या. बल्बची क्लिप जाड असते, ती कपलरच्या पोकळ मादी पिनेत कोंबली तर पीन कायमची सैल होते, म्हणजे निदान करताना नवा दोष तयार. जुन्या कपलरमधून त्याच मापाची नर पीन काढून तिला वायर जोडून ठेवा.

कपलर लावलेला असताना आणखी एक मोजमाप घ्यायचं. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी कपलरच्या मागून अर्थच्या पिनेवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत राहिलं तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर कॉम्प्युटरचा शून्यच अर्ध्या व्होल्टवर चढलाय असं समजा, आणि मग त्याने वाचलेला प्रत्येक सेन्सर थोडा थोडा खोटा. इंजिन ते चेसिस ही जाड अर्थची पट्टी गंजली की सेल्फचा करंट परतीची वाट शोधत बारीक वायरींतून जातो. त्या गरम होतात, आणि दोष ‘गरम झाल्यावर’ दिसतो.

कामाच्या व्हॅनमध्ये इथे एक वेगळा कप्पा उघडतो. ट्रॅकर, चोरी रोखणारा कट-ऑफ रिले, छतावरचा फिरता दिवा, इन्व्हर्टर, मागची लिफ्ट, जादा बॅटरी. हे सगळं कुणीतरी कुठून तरी वीज घेऊन बसवलेलं असतं, आणि जागा अरुंद असल्याने बहुतेकांना स्टिअरिंगखालची चावीची वायर सापडते. तीच कॉम्प्युटरला जागं करणारी वायर असते. तिला कापून मध्ये टाकलेला ट्रॅकरचा छोटा रिले उन्हात तापला की संपर्क सोडतो, इंजिन बंद. थंड झाला की पुन्हा जोडतो. गरम झाल्यावर बंद पडणारी कामाची व्हॅन आली की मी बॉनेटच्या आधी डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघतो. टेपने गुंडाळलेला काळा डबा दिसला तर त्याला वळसा घालून मूळ वायर जोडतो आणि गाडी एक दिवस तशीच चालवायला देतो. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मालकाला ट्रॅकर हवाच असेल तर तो नीट फ्यूज टाकून, इंजिनच्या वायरीला हात न लावता बसवता येतो.

५ व्होल्टची लाइन

वीज-अर्थ चोख निघाले तर पुढचा संशयित सेन्सरांना जाणारी ५ व्होल्टची लाइन. कॉम्प्युटर आतून ५ व्होल्ट तयार करून एकेका गटातल्या अनेक सेन्सरांना एकत्र पुरवतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा एक वायर एक्झॉस्टला टेकून वितळली, की पूर्ण गट खाली बसतो. अ‍ॅक्सिलरेटर पॅडल, टर्बोचा बूस्ट, रेल प्रेशर सगळ्यांचे कोड एकदम येतात. काही गाड्यांत तर कॉम्प्युटर स्कॅनरशी बोलायचाही थांबतो. पी०६४१ आणि पी०६५१ हे कोड याच लाइनचे. पाच-सहा सेन्सर एकाच वेळी खराब होत नाहीत, म्हणून लोक कॉम्प्युटरला पकडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

चावी ऑन ठेवून कुठल्याही सोप्या जागच्या सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरवर मीटर लावा. ४.९ ते ५.१ च्या दरम्यान हवं. कमी असेल तर त्या गटातले सेन्सर एकेक करून सोडवा. ज्याचा कपलर काढल्यावर आकडा उडी मारून ५ वर येतो, तो गुन्हेगार. सगळे सोडवूनही आकडा खालीच राहिला तर वायर कुठेतरी चेसिसला लागली आहे किंवा दोष आत आहे. कॉम्प्युटरच्या कपलरमधून ती एक पीन बाहेर काढून बघितली की दोन्हींचा निकाल लागतो: पीन काढल्यावरही कॉम्प्युटर स्वतः ५ व्होल्ट देत नसेल, आणि वीज-अर्थ आधीच पास असतील, तर आता त्याच्यावर बोट ठेवायला हरकत नाही.

इनपुट तपासायची एक झटपट युक्ती दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर करता येते. कूलंट सेन्सरचा कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० अंश दिसायला हवं. दोन्ही वायरी तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडल्या की आकडा शंभराच्या बराच वर जायला हवा. दोन्ही झालं तर वायर आणि कॉम्प्युटरचं ते इनपुट ठीक. काही गाड्या चुकीच्या वाचनाऐवजी ठरलेला बदली आकडा दाखवतात, तिथे तापमानाऐवजी सेन्सरचं व्होल्टेज बघा. तीन वायरींच्या सेन्सरवर हा प्रयोग अजिबात नको.

युनिटांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या लाइनचं, म्हणजे कॅन लाइनचं, थोडक्यात. बॅटरी सोडवून ओबीडीच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत ओहम मोजा. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून एकत्र ६० दिसतात. १२० दिसले तर एक टोक सुटलंय. शून्याजवळ दिसलं तर दोन वायरी एकमेकींना लागल्यात. पुष्कळ गाड्यांत एक रेझिस्टर इंजिनच्या कॉम्प्युटरमध्येच असतो, तेव्हा त्याचा कपलर काढून १२० येणं साहजिक आहे. सॉकेट आणि लाइन यांच्यामध्ये गेटवे (निरोप पुढे पाठवणारं वेगळं युनिट) असेल तर हे मोजमाप कॉम्प्युटरच्या कपलरवरच घ्यावं लागतं.

कोड काय सांगतात, काय नाही

पी०६०१ ते पी०६०७ हे कोड कॉम्प्युटर स्वतःविषयी बोलत असतो: स्मरणातली बेरीज जुळत नाही, प्रोसेसरची तपासणी चुकली, वगैरे. पी०६०६ दिसला की लगेच ऑर्डर टाकण्याचा मोह होतो. थांबा. सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं तरी हे कोड नोंदले जाऊ शकतात, आणि पी०६०३ तर नुसती बॅटरी सोडवल्यानेही येतो. सोबत पी०५६२, म्हणजे कमी व्होल्टेजचा कोड असेल तर आधी तो मिटवा. कोड पुसा, चांगली बॅटरी लावा, पुन्हा चालवा. चोख विजेवरही पी०६०६ किंवा पी०६०१ परतत राहिला तर तो गंभीर. पी०६८५ मेन रिलेच्या सर्किटचा आहे, कॉम्प्युटरचा नाही. यू०१०० तर दुसरं कुणीतरी तक्रार करतंय, की इंजिनचा कॉम्प्युटर उत्तर देत नाही. तो का देत नाही हे त्या कोडला ठाऊक नसतं.

आता कॉम्प्युटरला हात लावा

चावी बंद केल्यावर किमान काही मिनिटं थांबा. कॉम्प्युटर लगेच झोपत नाही, शिकलेली मूल्यं लिहून मग रिले सोडतो. त्यानंतर बॅटरीचा मायनस काढा आणि मगच कपलर.

कपलर उजेडात धरून बघा. हिरवट गंज म्हणजे पाणी. तेलकट चमक म्हणजे इंजिन ऑइल, आणि हा प्रकार ऐकणाऱ्याला खोटा वाटतो. ऑइल प्रेशर स्विच किंवा कॅमच्या सोलेनॉइडचं सील गेलं की तेल तांब्याच्या तारांमधल्या फटींतून केशाकर्षणाने चढत चढत हार्नेसभर प्रवास करतं आणि मीटरभर लांबच्या कॉम्प्युटरच्या कपलरमध्ये उतरतं. पिना पुसून उपयोग नाही, मूळ स्विच आणि वायरचा तो भाग बदलावा लागतो. ढिली पीन शोधायला सुटी नर पीन हलकेच घालून ओढून पाहा. बाकीच्यांपेक्षा सहज निघत असेल तर ती बदला.

सगळं स्वच्छ असेल तर उष्णतेची परीक्षा. गाडी सुरू ठेवा, स्कॅनरवर आरपीएम आणि बॅटरी व्होल्टेज लावून ठेवा आणि कॉम्प्युटरच्या पेटीवर हेअर ड्रायरने गरम हवा द्या. हीट गन असेल तर लांबून. पेटी हाताला चटका देईल इतपत पुरे, प्लास्टिक मऊ होईपर्यंत नाही. मधूनमधून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. क्रँक सेन्सर थंड असताना, केवळ पेटी तापवून इंजिन बंद पडलं, स्कॅनर तुटला, आणि पेटीवर थंड स्प्रे मारल्यावर ते पुन्हा जोडलं गेलं, असं पुन्हा पुन्हा घडत असेल तर निदान पक्कं. आतला सोल्डर तडकलेला असतो, किंवा सिरॅमिकच्या पाटीवर जेलमध्ये बुडवलेल्या केसाएवढ्या तारांपैकी एखादी सुटलेली असते. पहिला प्रकार चांगला कारागीर दुरुस्त करतो. दुसऱ्यासाठी विशेष यंत्र लागतं, साध्या सोल्डरिंगच्या भरवशावर राहू नका.

कशाने मेला?

कॉम्प्युटर आपणहून क्वचित मरतो. आत जळलेला भाग कुठल्या पिनेच्या मागे आहे ते कारागिराला विचारा, किंवा एकाच सिलिंडरचा वा एकाच वाल्वचा कोड कायम येत असेल तर त्यावरून ओळखा. त्या पिनेच्या दुसऱ्या टोकाला जे काही आहे ते मोजा. पेट्रोलचे साधे इंजेक्टर बहुतेक १२ ते १६ ओहम, रिलेची कॉइल साधारण पन्नास ते शंभर ओहम. यातलं काही एक-दोन ओहमवर आलं असेल तर त्याने कॉम्प्युटरच्या आतला त्याला चालवणारा भाग (ड्रायव्हर) जाळला, आणि नवाही जाळणार. डिझेलच्या सोलेनॉइड इंजेक्टरचा रोध मुळातच एका ओहमच्या आत असतो, तिथे चारही एकमेकांशी ताडून बघा आणि बॉडीला शॉर्ट नाही ना ते पाहा. इंजिन चालू असताना कॉमन रेल इंजेक्टरच्या वायरीला हात किंवा टेस्ट बल्ब लावायचा नाही. सोलेनॉइड इंजेक्टरवर ६५ व्होल्ट किंवा जास्त, पिझो प्रकारच्या इंजेक्टरवर १०० च्या वर जातात. माणूस आणि कॉम्प्युटर दोघांनाही ते महागात पडतं.

उरलेली कारणं मालकाला विचारून कळतात. कुणी जंप देताना प्लस-मायनस उलटा लावला का? मागे रॅक बसवताना बॅटरी न सोडवता वेल्डिंग केलं का? इंजिन प्रेशरने धुतलं का? काचेखालची पाण्याची नाली पानांनी तुंबली असेल तर पाणी थेट कॉम्प्युटरच्या खणात उतरतं. ती साफ केल्याशिवाय नवा तिथे ठेवू नका.

बदलताना

रस्ते तीन. जुनाच दुरुस्त करणं मला सगळ्यांत आवडतं, कारण चावी, किलोमीटर, इंजेक्टरचे कोड सगळं जागच्या जागी राहतं. दुसरा, कंपनीकडून नवा घेऊन गाडीच्या चेसिस नंबरवर प्रोग्रॅम करून घेणं. तिसरा, त्याच नंबरचा वापरलेला घेऊन जुन्यातली सगळी माहिती त्यात उतरवणं, ज्याला सगळे क्लोन म्हणतात. जुना बोलत असेल तोवरच त्याची माहिती वाचून ठेवा. पूर्ण मेल्यावर पेटी फोडून चिप वाचायची वेळ येते.

लेबलवर हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर असे वेगळे नंबर असतात. वापरलेला घेताना हार्डवेअर नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. ‘त्याच मॉडेलचा आहे’ हे पुरेसं नाही. एकाच वर्षाच्या दोन सारख्या व्हॅनमध्ये गिअरबॉक्स किंवा धूर-नियमांनुसार वेगळा असू शकतो. क्लोन न करता दुसऱ्याचा जोडला तर इंजिन एक-दोन सेकंद चालून इमोबिलायझर बंद करतो, किंवा सुरूच होत नाही.

प्रोग्रॅमिंगच्या वेळी बॅटरीला आधार देणारा स्थिर सप्लाय लावाच. साधा चार्जर नको, त्याचा प्रवाह खरबरीत असतो. व्होल्टेज १३ च्या आसपास टिकलं पाहिजे. दिवे, पंखा बंद, दरवाजे उघड-बंद नाहीत, लॅपटॉप भिंतीच्या विजेवर. मध्येच वीज कोसळली तर नवा कोरा कॉम्प्युटर निकामी होतो, आणि त्याला वॉरंटीत कुणी धरत नाही.

सुरू झाली म्हणजे काम झालं असं नाही. नव्याला डिझेल इंजेक्टरांवर छापलेले दुरुस्ती-कोड सिलिंडरनुसार भरावे लागतात, नाहीतर इंजिन खडखडतं आणि धूर सोडतं. थ्रॉटल आणि ईजीआरची (धूर परत इंजिनात वळवणाऱ्या वाल्वची) शिकवणी द्यावी लागते, काही गाड्यांत क्रँकचीही. डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर जुन्यातली राखेची नोंद नव्यात उतरवा. तसं केलं नाही तर तो फिल्टर कोरा आहे असं धरून चालतो, वेळेवर साफ करत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत व्हॅन चोकअप होऊन परत येते. कामाच्या व्हॅनला वेगमर्यादा किंवा उभ्या गाडीत लिफ्टसाठी वाढीव आरपीएम अशा सोयी कोड केलेल्या असतात. त्याही जुन्यातून बघून लिहून ठेवा. ड्रायव्हरला त्या नसल्याचं पहिल्याच दिवशी कळतं.

पेटी मूळ ब्रॅकेटवर, मूळ रबरांसह बसवा. ब्रॅकेट काही गाड्यांत उष्णता वाहून नेतो आणि बॉडीचा अर्थही देतो, त्यामुळे टायने लटकवायची नाही. हार्नेसला कपलरच्या आधी खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथून टपकतं, आत शिरत नाही.

मग त्याच मालासह, त्याच वेळी, गरम होईपर्यंत चालवा. उभी करून लगेच पुन्हा सुरू करा, तेही दोन-तीनदा. कोड पुसल्याने कॉम्प्युटर स्वतः करतो त्या धुराच्या तपासण्यांची नोंद रिकामी झालेली असते, ती भरायला थंड इंजिनापासून शहर आणि हायवे मिळून काही दिवसांचं साधं चालवणं लागतं. तोवर धूर-तपासणीला नेऊ नका. जुना कॉम्प्युटर गाडीचा नंबर लिहून काही महिने ठेवून द्या, कारण चावी किंवा एखाद्या सेटिंगचा प्रश्न निघाला तर उत्तर त्यातच असतं. आणि यानंतरही गरम झाल्यावर गाडी बंद पडलीच, तर पहिलं मोजमाप अर्थच्या पिनेवरचं, सेल्फ मारताना, कपलर लावलेला असताना.